झाकण उघडण्याचा अधिकार

स्मरणिकेत सहसा इमारतीचे मजले, निकालाची टक्केवारी, देणगीदारांची नामावली आणि मान्यवरांचे शुभसंदेश असतात. ते असावेतच, संस्थेची वाटचाल त्यावरून कळते. प्रस्तुत लेखात मात्र मी तळहाताएवढ्या एका वस्तूविषयी लिहिणार आहे. बाजारात तिला लॅन कार्ड म्हणतात आणि काहीशे रुपयांत ती मिळते. जुन्या संगणकाच्या पोटात ती बसवली की तोवर एकाकी असलेला संगणक इतर संगणकांशी बोलू लागतो. ही वस्तू बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने बसवावी की आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. माझ्या मते तो शिक्षणाच्या प्रयोजनाचा प्रश्न आहे, आणि ते काम आपल्या मुलामुलींनीच केले पाहिजे.

पुष्कळ शाळांच्या संगणक कक्षाच्या दारावर एक पाटी आढळते : ‘संगणकास हात लावू नये.’ आपल्या कक्षाच्या दारावरही ती आहे. पाटी लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वस्तू महाग असते, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, आणि मोडतोड झाली तर जबाब शिक्षकालाच द्यावा लागतो. परंतु आपल्या शाळेत येणारी मुले कोणत्या वस्त्यांमधून येतात याचे भान ठेवून ही पाटी वाचली, की तिचे शब्द कानाला निराळे लागतात. ज्यांच्या पूर्वजांना पाण्याला हात लावू दिला नाही, अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांच्या नातवंडांना ज्ञानाच्या नव्या साधनासमोर उभे करून आपण पुन्हा तेच वाक्य वाचायला लावतो. यंत्राचे दर्शन घडते. त्याचे अंतरंग मात्र गाभाऱ्यासारखे बंदच राहते.

प्रसंग असा आहे. आपल्या कक्षातील बहुतेक संगणक जुने आहेत, दान म्हणून मिळालेले आहेत. त्यांपैकी अनेकांचे मदरबोर्डवरील अंगभूत लॅन पोर्ट निकामी झाले आहेत. पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडतात, लांब अंतर ओलांडून आलेल्या केबलीतून विजेचा झटका आत शिरतो आणि बाकी संगणक शाबूत राहून तेवढे पोर्ट जळते, असा अनुभव ग्रामीण भागातील पुष्कळ शाळांना आहे. अशा संगणकाला मृत समजण्याचे कारण नसते. त्याचा मेंदू ठीक असतो, स्मृती ठीक असते. केवळ जगाशी बोलण्याचे दार बंद झालेले असते. निराळे लॅन कार्ड बसवले की नवे दार उघडते. आता आपल्यापुढे असा प्रस्ताव आहे की, हे सर्व संगणक भंगारात काढावेत आणि त्याऐवजी सीलबंद उपकरणे वार्षिक करारावर घ्यावीत. नव्या साधनांना माझा विरोध नाही. परंतु जुन्यांपैकी निदान बारा संगणक आपण राखून ठेवावेत, आणि ते इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी उघडावेत, जोडावेत, बिघडले तर शोधावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या सूचनेमागील कारण समजण्यासाठी प्रथम ते कार्ड म्हणजे काय हे पाहू. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ‘ईथरनेट’ नावाची जोडणी विकसित केली. अनेक यंत्रे एकाच तारेवर जोडलेली, आणि कोणी बोलावे हे ठरवणारा मध्यवर्ती अधिकारी कोणीच नाही. प्रत्येक यंत्राने आधी ऐकायचे, तार मोकळी असेल तर बोलायचे, दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांनी थांबायचे आणि यदृच्छेने ठरलेला अल्प काळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा त्या व्यवस्थेचा मूळ नियम होता. पुढे स्विच आले, वेग वाढले, तरी नाव तेच राहिले. या व्यवस्थेतील प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक ओळख-क्रमांक दिला जातो. तो अठ्ठेचाळीस बिटांचा असतो. त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादक कोण ते सांगतो आणि उरलेला अर्धा त्या विशिष्ट कार्डाची खूण असतो. इतिहासाच्या तासाला मी मुलांना ताम्रपटावरील राजमुद्रेविषयी सांगतो, तेव्हा या क्रमांकाचे उदाहरण त्यांना चटकन पटते.

कार्ड बसवण्याची कृती दहा मिनिटांची आहे, परंतु तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. प्रथम संगणक बंद करून विजेची वायर भिंतीपासून काढायची. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वायर जोडलेली असेतो मदरबोर्डवर पाच व्होल्टचा राखीव प्रवाह चालूच असतो. वायर काढल्यावर चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरायचे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग बाजूचे झाकण काढायचे. कार्डाला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा. आपल्या अंगावरील स्थिर विद्युत नाजूक चिपला मारक ठरू शकते. विजेचा पुरवठा करणारी धातूची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडायची नाही. तिच्यातील संधारक वायर काढल्यानंतरही धोकादायक वीज धरून ठेवू शकतात.

जुन्या मदरबोर्डवर बहुधा पांढऱ्या रंगाच्या लांबट फटी दिसतात. त्या पीसीआय स्लॉट होत. ही रचना १९९२ साली इंटेलने पुढे आणली. नंतरच्या काळातील आखूड फटी पीसीआय एक्स्प्रेसच्या. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही, म्हणून खरेदीपूर्वी झाकण उघडून पाहणे आवश्यक. निवडलेल्या स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढायची, कार्ड कडांना धरून, सोनेरी दातांना बोट न लावता, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली बसवायचे आणि स्क्रू घट्ट करायचा. स्क्रूला अनेक जण अनावश्यक समजतात. तो नसेल तर बाहेरून केबल ओढली गेली की कार्ड तिरके होते, आणि मग संगणकाला कधी कार्ड दिसते, कधी दिसत नाही. असा अधूनमधून प्रकटणारा दोष शोधणे सर्वांत कठीण.

इथवर हाताचे काम झाले. खरे शिक्षण यापुढे आहे, कारण पुष्कळदा कार्ड बसवूनही काहीच चालत नाही.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक मार्ग श्रद्धेचा. संगणक पाच वेळा बंद-चालू करावा, जाणत्याला बोलवावे, तो जे म्हणेल ते मानावे. दुसरा मार्ग तथागत बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितला. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आपण कालाम सुत्त प्रार्थनेच्या वेळी शिकवतो. त्याचा सराव करण्यासाठी न चालणाऱ्या लॅन कार्डाइतके स्वस्त साधन मला दुसरे माहीत नाही. बुद्धांच्या विचारपद्धतीचा गाभाच कारणशोध आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम मुलांना पाठ असतो. यंत्रासमोर बसले की तो कळतो.

आता क्रम पाहा. संगणकाला कार्ड दिसते काय? विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडावा. कार्डाचे नाव नाही, अनोळखी उपकरणही नाही, तर दोष धातूच्या स्पर्शातला किंवा कार्डातला. कार्ड काढून त्याचे दात खोडरबराने हलके पुसावेत, दुसऱ्या स्लॉटमध्ये घालावे, तरीही दिसले नाही तर चालत्या संगणकात घालून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. कार्ड दिसते पण शेजारी पिवळे उद्गारचिन्ह आहे, तर ड्रायव्हर नाही, म्हणजे यंत्र आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या नाही. येथे एक गमतीदार पेच येतो. ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो, आणि ड्रायव्हरवाचून इंटरनेट मिळत नाही. मग दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये तो आणावा लागतो. कोणता आणायचा, हे खोक्यावरील नावावरून ठरवू नये. खोके एकाचे आणि चिप दुसऱ्याची असे सर्रास असते. डिव्हाइस मॅनेजरमध्येच त्या चिपच्या उत्पादकाचा आणि प्रकाराचा संकेतांक लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘१०ईसी’ आणि ‘८१३९’ अशी जोडी दिसली तर ती रिअलटेक कंपनीची, एके काळी अत्यंत प्रचलित असलेली चिप होय. दुय्यम साधनावर विसंबू नये, मूळ साधन तपासावे, हा इतिहासलेखनाचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

ड्रायव्हर बसला, आता कार्डाच्या मागील दिवा पाहावा. दिवा लागत नसेल तर केबल, स्विच किंवा त्या दोहोंच्या टोकांचे पोर्ट संशयित. केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. शंभर मेगाबिटच्या वेगाला त्यांपैकी दोनच जोड्या लागतात. एक जोडी पहिल्या-दुसऱ्या खाचेत आणि दुसरी तिसऱ्या-सहाव्या खाचेत. नवखा मनुष्य तारा रंगांप्रमाणे शेजारी-शेजारी लावत जातो आणि तिसरी-सहावी ही जोडी फुटते. मौज अशी की केबल तपासण्याचे साधे उपकरण लावले तर आठही दिवे क्रमाने पेटतात. उपकरण केबलीला उत्तीर्ण करते. ते फक्त एवढेच पाहते की या टोकाची तार त्या टोकाला पोहोचली. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला दिसत नाही. संगणकाचा दिवाही लागतो, आणि तरीही लांब अंतरावर माहिती गहाळ होत राहते. उपकरणाने दिलेले प्रशस्तिपत्रकही पारखून घ्यावे लागते, हा धडा विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाही.

दिवा लागला, तरी संवाद नाही. मग पत्ता पाहावा. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी असेल तर त्याचा अर्थ असा की संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला. मग ‘पिंग’ या आज्ञेने टप्प्याटप्प्याने हाक मारत जायचे. प्रथम १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच, मग आपल्या पत्त्याला, मग शेजारच्या संगणकाला, मग राउटरला, मग बाहेर. हाकेला उत्तर येणे जिथे थांबते तिथून शोध सुरू करायचा. अंकांच्या पत्त्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत आहे. कार्ड निर्दोष आहे.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. एका संगणकावर सर्व हाकांना उत्तर येत होते, परंतु सुरक्षित म्हणवणारे एकही संकेतस्थळ उघडेना. बोलावलेल्या तंत्रज्ञाने कार्ड खराब असल्याचा निर्वाळा दिला होता. नववीतील एक मुलगी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाली, “सर, ह्याची तारीख बघा ना. हा अजून २००२ मध्येच आहे.” मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे वायर काढली की संगणक आपला काळ विसरत असे. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. २००२ सालात जगणाऱ्या यंत्राला ती सर्व अद्याप सुरूच न झालेली, म्हणून अवैध वाटत होती. तीन व्होल्टचा सेल बदलला आणि तारीख दुरुस्त केली. कार्ड तसेच राहिले, आजही चालते आहे. त्या मुलीला शाबासकी मिळाली ती बरोबर उत्तरासाठी नव्हे, तिने अधिकारवाणीने सांगितलेले उत्तर पुरावा पाहिल्यावाचून स्वीकारले नाही यासाठी.

कार्डाचा दिवा लागणे आणि प्रत्यक्ष संवाद होणे यांतील अंतर मला नेहमी महाडची आठवण करून देते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर जोडणी पूर्ण झाली होती. दिवा लागला होता. पाणी मात्र कोणाच्या ओंजळीत आले नाही. ते २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि सहस्रावधी लोक त्यांच्यामागे गेले तेव्हा आले. त्यानंतरही खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामधील अडथळे एकेक करून शोधावे व दूर करावे लागतात; कुठेतरी वर सर्व व्यवस्थित आहे असे सांगितल्याने ते दूर होत नाहीत. आज शासनाच्या कागदोपत्री पुष्कळ शाळा ‘जोडलेल्या’ आहेत. त्यांतील किती मुलांच्या ओंजळीत काही पडते, हे पाहण्यासाठी पायऱ्या उतरण्याची सवय असलेली पिढी लागेल.

आता या सूचनेवरील आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच चळवळीतील माणसांचा आहे, आणि तो मला आदरणीय वाटतो. ते म्हणतात, ‘इतरांची मुले संगणकावर आज्ञावली लिहिणार आणि आमच्या मुलांनी पुन्हा हत्यारेच हाती घ्यायची काय?’ या भीतीला इतिहास आहे. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी अशी योजना आणली की मुलांनी शाळेत थोडा वेळ शिकावे आणि उरलेल्या वेळात घरचा परंपरागत व्यवसाय शिकावा. जातीचा धंदा शाळेच्या संमतीने मुलाच्या गळ्यात बांधण्याचाच तो प्रकार आहे, हे ओळखून तेथील जनतेने तीव्र विरोध केला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना रद्द झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना व्यावसायिक कौशल्यांची ओळख करून देण्याची तरतूद आहे. तिच्याकडेही आपले अनेक कार्यकर्ते याच स्मृतीमुळे साशंकतेने पाहतात. त्यांनी साशंक राहावेच.

परंतु बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे जे विश्लेषण १९३६ साली मांडले, त्याचा रोख श्रमावर नव्हता. ही व्यवस्था श्रम वाटून देऊन थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत विभागणी करते, हा त्यांचा आक्षेप होता. तिने हाताला ज्ञानापासून तोडले आणि ज्ञानाला हातापासून. ज्याने कातडे कमावले त्याला रसायनाचे शास्त्र लिहू दिले नाही, आणि ज्याने शास्त्रे लिहिली त्याने कातड्याला हात लावला नाही. परिणामी दोन्हीकडचे ज्ञान खुंटले. या तुटीवरचा उपाय हात सोडून देणे हा होऊ शकत नाही. हात आणि बुद्धी पुन्हा एका माणसात एकत्र आणणे हाच तो आहे. म्हणून माझ्या सूचनेला एक अट जोडलेली आहे : जो स्क्रू घट्ट करील त्यानेच वहीत कारण लिहावे, आणि जो आज्ञावली लिहील त्याने झाकणही उघडावे. ‘हुशार’ मुलांना आज्ञावली आणि ‘कच्च्या’ मुलांना तारा, अशी वाटणी आपल्या कक्षात एकदा जरी झाली, तरी आपण शाळेच्या आत वर्ण निर्माण केले असे होईल. तीच गोष्ट मुलींची. स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हातात आणि नोंदवही मुलीच्या हातात, हे दृश्य मी अनेक प्रदर्शनांत पाहिले आहे. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या शाळेत ते दिसता कामा नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. दहावीचे वर्ष, शिष्यवृत्ती परीक्षा, स्पर्धा परीक्षांची पूर्वतयारी. यात तारा जोडायला वेळ कुठला? याचे उत्तर असे की निवासी शाळेजवळ जी गोष्ट इतर शाळांजवळ नाही ती आहे, म्हणजे संध्याकाळ. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा घडवली, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांना केवळ निवारा मिळावा म्हणून नव्हे. घरी ज्या मुलाला दिव्याखाली बसायला जागा नव्हती त्याला शाळेनंतरचे तास मिळावेत, हा त्यामागील विचार होता. आठवड्यातील दोन संध्याकाळी, प्रत्येकी एक तास, एवढेच मी मागतो आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो तंत्रदृष्ट्या रास्त आहे. जुन्या संगणकांवर बहुधा विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हन असते. पहिलीसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षाविषयक सुधारणा देणे एप्रिल २०१४ मध्ये थांबवले, दुसरीसाठी जानेवारी २०२० मध्ये. असे संगणक इंटरनेटला थेट जोडणे म्हणजे कुलूप नसलेले घर रस्त्यावर उघडे ठेवणे होय. म्हणून मी ते बाहेर जोडावेत असे म्हणतच नाही. ज्यांना पेलेल त्यांच्यावर हलके लिनक्स घालावे. लिनक्समध्ये अशा जुन्या कार्डांपैकी पुष्कळांचे ड्रायव्हर मुळातच अंतर्भूत असतात. बाकीचे संगणक शाळेच्या अंतर्गत जाळ्यापुरतेच ठेवावेत. दहा-बारा कार्डे, एक स्विच आणि केबलचे एक भेंडोळे. इंटरनेटचे मासिक शुल्क नाही, आणि वीज असेतो पाऊस असो वा नसो, जाळे चालूच.

या अंतर्गत जाळ्यावर काय ठेवायचे? आपल्या ग्रंथालयात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’ या मालेचे खंड आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ते प्रकाशित केले. वसंत मून यांनी त्या कार्यासाठी आयुष्य वेचले. ते खंड आपण काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवतो, कारण एकेकच प्रत आहे आणि हरवण्याची भीती आहे. चौदा एप्रिलला त्यांना हार घालतो. एका मुलाने अठराव्या खंडातील मराठी भाषणे वाचायला घेतली तर दुसऱ्याने थांबावे लागते. हीच ग्रंथमाला एका संगणकावर ठेवून जोडली, तर एका संध्याकाळी बारा मुले बारा निरनिराळी पाने वाचू शकतात, आणि कोणालाही किल्ली मागावी लागत नाही. त्याच संगणकावर किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. त्याच जाळ्यावर मुलांचे स्वतःचे भित्तिपत्रकही निघू शकेल. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले. इतरांच्या पत्रांतील कोपरा मागत बसण्याऐवजी आपले साधन आपण उभारले. पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने जोडलेले बारा संगणकांचे जाळे त्या परंपरेच्या मानाने फार लहान आहे, पण जातकुळी तीच.

व्यवस्थापनापुढे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. जून महिन्यापूर्वी बारा संगणक भंगाराच्या यादीतून वगळावेत. तेवढी लॅन कार्डे, एक स्विच, केबल, क्रिम्पिंग टूल, काही स्क्रूड्रायव्हर आणि डझनभर सेल यांची खरेदी मंजूर करावी. एक जाड ‘दोषनोंद वही’ ठेवावी. तिच्यात दिनांक, लक्षण, तपासलेली गोष्ट, सापडलेले कारण आणि केलेला उपाय हे रकाने असावेत, आणि प्रत्येक नोंदीखाली शोधणाऱ्या मुलाचे वा मुलीचे नाव असावे. शिक्षकाने सोबत बसावे, विजेच्या नियमांबाबत कठोर राहावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. कार्ड एखादे जळेल. तो खर्च वाया गेला असे न समजता प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळीप्रमाणे त्याची नोंद करावी.

आणि दारावरची ती पाटी उतरवून तिच्या जागी हे तीन नियम लावावेत : वायर काढल्याशिवाय झाकण उघडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जे केले ते वहीत लिहावे. या तीन ओळी पाळून जी मुले येथून बाहेर पडतील, त्यांना उद्या कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही सभेत, कोणत्याही ग्रंथासमोर कोणी म्हणाले की ‘हे असेच असते, यात तुम्हाला कळायचे नाही’, तर ती शांतपणे विचारतील, ‘कशावरून?’ धम्माच्या नावाने चालणाऱ्या शाळेने यापेक्षा अधिक काय द्यावे?

नमो बुद्धाय. जय भीम.